लेझीम, शालेय
प्राथमिक शाळांतून ठेक्यावर शिकवला जाणारा सांघिक व्यायाम व नृत्यप्रकार. महाराष्ट्रात विशेष रूढ. साधनालाही हेच नाव आहे : लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या चकत्या आणि मधोमध मूठ.

शब्द फार्सी ‘लेजम’वरून आला, त्याचा अर्थ तिरंदाजीच्या सरावाचे नरम धनुष्य. इराणच्या जोरखान्यांत (तालमींत) आजही ‘कब्बादे’ हे लोखंडी धनुष्य वापरतात. त्याला प्रत्यंचेऐवजी चकत्यांची साखळी असते आणि ते डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात. दख्खनेत हे साधन मुसलमानी राजवटीत आले असावे व आखाड्यातून मिरवणुकीत उतरले असावे, असा एक तर्क आहे. दुसऱ्या मतानुसार ढोल, ताशा व हलगीवर चालणारी घाटी लेझीम मुळातच स्वतंत्र लोकनृत्य असून नाव तेवढे फार्सी. घाटी लेझमीतील पदन्यास पाहता हे मत सर्वस्वी टाकाऊ नाही. मात्र साधनाची घडण पहिल्या मताकडेच झुकते. शिवकाळातील मावळ्यांचा हा व्यायाम होता, हे वारंवार केले जाणारे विधान सावधपणेच घ्यावे.

देशी व्यायामांना शास्त्रीय मांडणी मिळाली ती बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) आणि बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांचा दहा खंडी *व्यायामज्ञानकोश* ही त्या काळातील ठळक नावे. शालेय लेझमीच्या हातांची (ठरावीक हालचालींच्या प्रकारांची) नावे आजही हिंदी वळणाची आहेत : चार आवाज, एक जगह, आदी लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. मराठी शाळेतही ‘होशियार’ हाच हुकूम दिला जातो, ही आखाड्याची खूण म्हणावी.

शिकवताना आधी रिकाम्या हातांनी पावले घोटून घेतात. लेझीम नंतर हाती येते. नवख्यांची बोटे चकत्यांत चिमटतात. गुरुजी वर्गाकडे तोंड करून उभे राहिले, तर त्यांना मुलांच्या उजव्या पावलासाठी स्वतःचे डावे टाकावे लागते. ते चुकले की अख्खी रांग उलटी वळते. ‘चार आवाज’ या हातात उघडझाप चार अंकांत होते आणि एकाची लेझीम उशिरा मिटली, तरी तो ‘छन्न’ वेगळा ऐकू येतो. त्यामुळे चूक कोणाची, हे न बघताही कळते.

पहिली-दुसरीत टाळ्या व टिपऱ्याच अधिक. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी व स्नेहसंमेलन हे प्रयोगाचे नेहमीचे प्रसंग.