चौकटीत न मावणारा सह्याद्री

हवामानबदलाविषयी एखादा अहवाल प्रसिद्ध झाला की पाठोपाठ रंगीत नकाशे फिरू लागतात: अमुक जिल्ह्यात २०५० पर्यंत पाऊस इतके टक्के वाढणार, तमुक जिल्ह्यात इतके टक्के घटणार. नकाशा जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे रंगवलेला असल्याने तो त्या जिल्ह्यापुरता अचूक असणार, असा वाचणाऱ्याचा सहज समज होतो. हा समज का टिकत नाही, हे सह्याद्रीवर पाऊस कसा पडतो ते पाहिले की कळते.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वर ते माणचे मुख्य गाव दहिवडी हे सरळ रेषेतले अंतर जेमतेम शंभर किलोमीटर आहे.

समजा, अरबी समुद्रावरून आलेली हवा किनाऱ्यापाशी २८ अंश सेल्सिअस तापमानाची आहे आणि तिच्यातले बाष्प २४ अंशांच्या सुमारास संतृप्त होईल, म्हणजे हवेत आणखी बाष्प मावणार नाही, इतके आहे. सह्याद्री आडवा आल्यामुळे ही हवा वर चढते. उंचीबरोबर दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि त्यात स्वतःचीच ऊर्जा खर्च झाल्याने दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होत जाते. पाचशे मीटरवर ती २३ अंशांपर्यंत उतरते. तोवर ती संतृप्त झालेली असते आणि तिथे ढगांचा तळ तयार होतो. यापुढे बाष्पाचे पाणी होताना अप्रकट उष्मा बाहेर पडतो आणि तो हवेलाच मिळतो, म्हणून थंड होण्याचा वेग जवळपास निम्मा, किलोमीटरला ५ अंशांच्या आसपास राहतो. तेराशे मीटरच्या घाटमाथ्यावर पोचेपर्यंत तापमान १९ अंश होते आणि मधल्या चढणीत सुटलेले पाणी घाटावर पाऊस होऊन कोसळते.

आता तीच हवा पूर्वेला सातशे मीटर उंचीच्या पठारावर उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. मात्र तिच्यातले थेंब मागेच गळून गेल्यामुळे ती पूर्ण वेगाने, म्हणजे किलोमीटरला १० अंशांनी तापते. सहाशे मीटरच्या उतारात ६ अंश वाढून ती २५ अंशांवर येते. पश्चिम उतारावर याच सातशे मीटर उंचीला ती २२ अंशांची होती. तीन अंशांनी अधिक गरम आणि बाष्प हरवलेल्या अशा हवेत ढग टिकत नाहीत. माणदेशाच्या पर्जन्यछायेमागचे भौतिकशास्त्र ते हेच.

जागतिक हवामान प्रारूपे, म्हणजे हवामानाची संगणकीय मॉडेल्स, पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात आणि अनेक प्रारूपांत अशा चौकोनाची बाजू शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक असते. एका चौकोनाला जमिनीची एकच उंची. कोकणपट्टी, घाटाचा कडा आणि देशावरचे पठार यांची सरासरी काढली की तेराशे मीटरच्या भिंतीच्या जागी एक सौम्य चढण उरते. गणितातली हवा पुरेशी चढत नाही आणि नंतर पुरेशी उतरतही नाही, त्यामुळे घाटावर पाऊस कमी दिसतो आणि पर्जन्यछाया पुसट होते. यावर उपाय म्हणून २५ किंवा ५० किलोमीटरच्या चौकोनांची प्रादेशिक प्रारूपे वापरतात. त्यांत डोंगर अधिक खरा दिसतो, पण वारे आणि बाष्प सीमेवरून जागतिक प्रारूपच पुरवते. तिथे मोसमी वारे चुकले असतील तर बारीक चौकोन ती चूक फक्त अधिक रेखीव करून दाखवतात.

शिवाय पाऊस केवळ बाष्पावर ठरत नाही. तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे खरे. तरीही केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटातली घट त्यात लक्षणीय होती. त्याच काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना मात्र वाढल्या. पाऊस लांबला म्हणून बेडकांचे लग्न लावल्याने मोसमी वाऱ्यांवर काहीही परिणाम होत नाही, हे स्पष्टपणे सांगायलाच हवे. पण शंभर किलोमीटरच्या चौकोनावरून एखाद्या गावाचा २०५० मधला पाऊस दशांशात सांगणाऱ्यालाही तितक्याच स्पष्टपणे त्यामागची कार्यकारणसाखळी विचारायला हवी.

पावसाचा अंदाज हा जोखमीचा एकच भाग. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या मांडणीत जोखीम तीन गोष्टींतून ठरते: संकट, त्याच्या टप्प्यात असलेली माणसे व मालमत्ता, आणि त्यांची झळ सोसण्याची कमी-अधिक ताकद. सांगली जिल्ह्यात हे ठळकपणे दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहर बुडाले ते मुख्यतः वरच्या अंगाला, कृष्णा, कोयना आणि वारणेच्या पाणलोटात पडलेल्या पावसाने. आणि याच जिल्ह्यातले जत आणि आटपाडी हे तालुके कायम दुष्काळी पट्ट्यात मोजले जातात. दोन्हींची सरासरी काढून जिल्ह्याला दिलेला एक रंग शहरातल्या पूररेषेत राहणाऱ्या कुटुंबाच्याही कामाचा नाही आणि जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्याही नाही. सांगली शहरासाठी घाटमाथ्यावर तासागणिक किती पाऊस पडतो, धरणांत त्या वेळी किती जागा शिल्लक असते आणि पूररेषेच्या आत किती घरे आहेत, याचा हिशोब लागतो. जतसाठी दोन पावसांमधली उघडीप किती दिवसांची होत चालली आहे आणि तेवढे दिवस तिथल्या हलक्या, उथळ जमिनीत ओल टिकते का, हे महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि जमिनीची खोली ताडून पाहावे लागते.