काटा खाली राहतोय? मग थर्मोस्टॅट बघा

नाशकात थंडी पडली की बरेच जण गाडीच्या टेंपरेचर काट्याकडे बघतच नाहीत, कारण डोक्यात पक्कं बसलंय की काटा वर गेला तरच घाबरायचं, खाली असला की इंजिन मस्त थंड चाललंय. हा समज मला खरंच घातक वाटतो. इंजिनला साधारण ९० डिग्रीच्या आसपास तापूनच काम करायचं असतं आणि त्याला तिथं आणून ठेवतो तो थर्मोस्टॅट, गॅरेजवाले ज्याला नुसतं वॉल (म्हणजे व्हॉल्व्ह, झडप) म्हणतात.

आहे काय त्यात? पितळेची छोटी डबी, आत मेण, एक पिन आणि स्प्रिंग. इंजिन थंड असताना झडप बंद असते, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही म्हणून इंजिन पटकन तापतं. मग साधारण ८२ ते ८८ डिग्रीला मेण वितळून फुगतं, पिन ढकलली जाते, झडप उघडायला लागते.

वॉल बंद अवस्थेत अडकला तर कळतंच. काटा झपाट्याने वर जातो, इंजिन भट्टीसारखं तापलेलं आणि रेडिएटर मात्र गार. मुंबईहून येताना कसारा घाटात असं झालं तर गाडी लगेच बाजूला घ्या आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी थेट अंगावर येतं. तशीच रेटली तर इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील म्हणजे हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं, मग ते घासून सपाट करायचा म्हणजे फेसिंगचा खर्च. पण गाडी फक्त सिग्नलला उभी असताना तापत असेल आणि पळायला लागली की काटा खाली येत असेल तर आधी फॅन बघा, वॉल नाही.

उघडा अडकलेला वॉल मात्र महिनोन्महिने कळत नाही. थंडीत सकाळी गाडी बराच वेळ चालवूनही काटा मधे येत नाही, हीटर कोमटच, घाट उतरताना तर काटा अजून खाली सरकतो. छोट्या गाड्यांत काटाच नसतो, थंड इंजिनाचा निळा लाईट असतो, तो विझायलाच तयार नाही तर वॉलवर संशय घ्या. काही गाड्यांत चेक इंजिनचा लाईट लागतो, स्कॅनरवर पी ०१२८ कोड येतो. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि इंजिनाची झीजही वाढते.

म्हणूनच "उन्हाळा आलाय, वॉल काढूनच टाकू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. बऱ्याच इंजिनांत हाच वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की ती वाट उघडी राहते, बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं आणि ऐन मे महिन्यात गाडी उलट जास्त तापू शकते.

तपासायचं सोपं आहे. पूर्ण गार गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाईपला अधूनमधून हात लावा, फॅनपासून हात लांब ठेवून. चांगल्या वॉलला पाईप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम गरम होतो (काही इंजिनांत वॉल खालच्या पाईपला असतो, तिथं तो पाईप बघा). पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा आहे. काढलेला वॉल पातेल्यात पाण्यात टाकून उकळूनही बघता येतो, तो किती डिग्रीला उघडतो तो आकडा वर ठोकलेला असतो. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर असल्याने इथं पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे ८८ चा वॉल कदाचित पूर्ण उघडणार नाही, पण उघडायला लागलेला दिसलाच पाहिजे.

नवीन टाकताना गॅस्केट नवीनच घ्या, वॉलवर हवेसाठी छोटी हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला आली पाहिजे, आणि बोअरचं पाणी कृपा करून भरू नका, क्षार बसून बसूनच वॉल जाम होतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरून हवा नीट काढायला लावा, कारण हवा अडकली तरी काटा वरखाली नाचतो आणि दोष मात्र नव्या वॉलवर येतो.