पानावरची लाल चेरी आली कुठून?

मसाला पानावर टूथपिकने टोचलेली किंवा पेस्ट्रीच्या क्रीमवर बसवलेली लाल चेरी आपल्याकडे बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते पाकवलेलं करवंद असतं. कापून पाहा: चेरीतली एकुलती एक कठीण बी काढली की मधोमध गोल पोकळी राहते, करवंदात मात्र चपट्या बारीक बियांच्या खुणा सापडतात. ही फसवणूक म्हणावी तर अस्सल ‘खरी’ चेरीसुद्धा रंग-चव घालवूनच तयार होते.

फळं पाकात मुरवण्याची रीत दक्षिण फ्रान्समधल्या आप्त गावात मध्ययुगापासून आहे. कॉकटेलमधल्या चेरीचं मूळ मात्र क्रोएशियाच्या एड्रियाटिक समुद्रकिनाऱ्यावरच्या झादार शहरातलं. तिथली मारास्का ही लहान, आंबट-कडवट चेरी तिच्याच मद्यात, म्हणजे माराशिनोत, ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती अमेरिकेतल्या मोठ्या हॉटेलांत पोचली आणि महाग असल्यामुळे लगेच तिची स्वस्त रूपं निघाली. १९१२ मध्ये अमेरिकी सरकारने ठरवलं की मारास्का चेरी माराशिनोत मुरवलेली असेल तरच तिला ‘माराशिनो चेरी’ हे नाव लावायचं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पिकणारी फिकट गोड चेरी खारवताना पिचपिचीत व्हायची. तिथल्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट वीगँड यांनी १९२५ पासून त्यावर काम केलं आणि खारवणीत कॅल्शियमचे क्षार घातले. कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला, म्हणजे गर सांधून धरणाऱ्या घटकाला, बांधून ठेवतं, म्हणून गर घट्ट राहतो.

कारखान्यात चेरी आधी सल्फर डायऑक्साइडच्या द्रावणात काही आठवडे राहते आणि पिवळसर-पांढरी पडते. मग ती धुऊन, रंगवून पाकात घालतात. घाई केली की इथेच बिघडतं: एकदम दाट पाकात टाकलेल्या फळातलं पाणी झपाट्याने बाहेर येतं आणि ते सुरकुततं. म्हणून ३० टक्क्यांच्या पाकापासून सुरुवात करून काही दिवसांत तो ७० टक्क्यांपर्यंत चढवतात. भारतीय मानकांनुसार पाकवलेल्या फळात एकूण साखर किमान ७० टक्के हवी आणि तिच्यातली किमान २५ टक्के रिड्युसिंग, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी, हवी. नुसत्या साखरेच्या पाकात फळावर खडे धरतात. करवंदालाही साधारण हीच वाट. फक्त आधी मिठाच्या पाण्यात त्याचा चीक आणि आंबटपणा उतरवावा लागतो.

लाल रंगासाठी एरिथ्रोसिन रुळला, कारण आंबट माध्यमात तो विरघळत नाही, फळातच राहतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढली. केकमध्ये चेरीभोवती गुलाबी वलय उमटलं तर बहुधा सहज विरघळणारा दुसरा रंग वापरलेला असतो, किंवा वरचा पाक धुतलेला नसतो.

तो पाक धुणं हेच केकमधलं खरं काम. पाकाने निसरडी झालेली चेरी मिश्रणातून सरकत तळाशी जाते. २०० ग्रॅम मैद्याच्या केकला १५० ग्रॅम चेरी घ्या. कोमट पाण्यात धुवा, अर्धी कापा, फडक्यावर पूर्ण कोरडी करा आणि त्याच मैद्यातला एक चमचा तिला चोळा. मिश्रण पातळ असेल तर मैदा चोळूनही ती बुडणारच. ते चमच्यावरून जड गोळ्यासारखं पडायला हवं.

ताजी चेरी हा वेगळाच मामला. काश्मीर-हिमाचलची चेरी मे-जूनमध्ये मुंबई-पुण्यात येते. तिच्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे पाकवलेल्या चेरीच्या जागी वजनाला वजन घातली की केक मधोमध कच्चा राहतो. २५० ग्रॅम चेरीच्या बिया काढून दोन चमचे साखर लावा, अर्ध्या तासाने रस निथळून घ्या आणि तो चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून आटवा. ब्लॅक फॉरेस्टच्या थरांत हाच रस घालायचा. जर्मनीत त्यासाठी आंबट चेरी आणि किर्श हे चेरीचं मद्य घेतात. आपल्या गोड चेरीला निदान लिंबाचा रस तरी हवाच. आणि सोडा बेताने. तो जास्त झाला की ताज्या चेरीचा नैसर्गिक रंग केकमध्ये निळसर-करडा पडतो, आणि कापल्यावर बुरशी आल्यासारखं दिसतं.