रोस्टर: एअरलाइन क्रूचं पंचांग

रोस्टर म्हणजे विमान कंपनीतल्या पायलट आणि केबिन क्रूचं महिन्याभराचं ड्युटीचं वेळापत्रक. कुठल्या तारखेला कुठली फ्लाइट, रिपोर्टिंग किती वाजता, रात्र कुठल्या गावात, सुट्टी कधी, सगळं त्यात येतं. बाहेरून बघितलं तर कारखान्याच्या शिफ्टसारखंच वाटतं, पण या धंद्यात माणसाची झोप, जेवण, मुंजीला जायचं की नाही, पोरांचं गॅदरिंग बघायला मिळणार की व्हिडिओवर भागवायचं हे रोस्टरच ठरवतं, आणि विमान किती सुरक्षित उडणार याचाही बराच भाग त्यातच ठरून गेलेला असतो, कॉकपिटमध्ये बसायच्या कितीतरी आधी. पायलट भेटला की लोक हमखास विचारतात, विमान चालवणं अवघड असतं का हो? चालवणं शिकता येतं. पहाटे ३ ला उठून डोकं जाग्यावर ठेवणं हे जास्त अवघड आहे आणि ते कुठल्याच फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत.

आपल्याकडे याची सुरुवात शोधायची तर थेट १५ ऑक्टोबर १९३२ पर्यंत जाता येतं. जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला विमान उतरवलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण टपाल तिथे थांबलं नव्हतं, ते पुढे मद्रासला गेलं आणि तो टप्पा टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला, वाटेत बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून. म्हणजे क्रू चेंज आणि लेओव्हर या दोन्ही गोष्टी पहिल्याच फेरीत होत्या, फक्त त्याला रोस्टर म्हणायची पद्धत नव्हती.

रोस्टर वाचायचं कसं

रोस्टरची स्वतःची एक भाषा असते. एक टेकऑफ आणि एक लँडिंग मिळून एक सेक्टर. असे सेक्टर जोडून घरून निघून परत घरच्या बेसला, म्हणजे आपल्या ठरलेल्या विमानतळावर, येईपर्यंतची साखळी म्हणजे पेअरिंग. मध्ये परगावी मुक्काम पडला तर लेओव्हर, आणि जाऊन त्याच विमानाने परत आलं तर टर्नअराउंड. डेडहेड म्हणजे युनिफॉर्म घालून प्रवाशासारखं मागे सीटवर बसून जायचं, पुढच्या गावी ड्युटी आहे म्हणून (शेजारचा प्रवासी अशा वेळी टर्ब्युलन्सबद्दल विचारणार हे ठरलेलं). आणि स्टँडबाय म्हणजे घरी बसायचं पण घरी नसल्यासारखं, कारण फोन वाजला की ठरलेल्या वेळेत निघावं लागतं, त्यामुळे त्या दिवशी ना सिनेमा, ना कुणाकडे जेवायला, ना वॉशिंग मशीनमध्ये युनिफॉर्म.

वेळा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, कारण जगभरचं विमान वाहतुकीचं काम त्याच घड्याळावर चालतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडे १८:३० वाजले की आपल्याकडे तारीख बदलते. रोस्टरवर १२ तारखेला २२:३० लिहिलेलं असेल तर ती आपली १३ तारखेची पहाटे ४ ची ड्युटी. हल्ली ॲपमध्ये बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेळा दिसतात, तरी नवीन फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, पहिल्या काही महिन्यांत एकदा तरी तारखेत गंडतोच, आणि तो किस्सा त्याला पुढची दहा वर्षं ऐकावा लागतो.

सकाळची ड्युटी

मुंबईहून ६ चं विमान असेल तर रिपोर्टिंग साधारण ५ ला, गाडी ४ ला दारात, म्हणजे अलार्म ३ चा. म्हणूनच मुंबईतला क्रू मरोळ, चकाला, कालिना, पवई अशा भागात दाटीवाटीने राहतो, भाडं जास्त पण अर्धा तास झोप जास्त. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर हे गणित बदललंय, घर अंधेरीत आणि ड्युटी उलव्याला असं झालं की पिकअप आणखी आधी.

पोचल्यावर पहिलं काम बीए टेस्ट, म्हणजे नळीत फुंकून दारूची तपासणी. उड्डाणाआधी १२ तास दारू चालत नाही आणि रीडिंग शून्य यावं लागतं. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर ३ महिने लायसन्स सस्पेंड, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. त्यामुळे क्रूमधली माणसं माउथवॉश आणि खोकल्याच्या औषधाचं लेबल जेवढं बारकाईने वाचतात तेवढं बाकी कुणी वाचत नसेल.

मग ब्रीफिंग. हवामान, वाटेतल्या सूचना, विमानात काही बिघाड पुढे ढकललेला आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्युएल किती घ्यायचं. इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे, कारण टाकी फुल करून निघत असतील असाच लोकांचा समज असतो. तसं करत नाहीत, जास्तीचं फ्युएल वाहून न्यायलाच फ्युएल जळतं आणि लँडिंगच्या वजनालाही मर्यादा असते. म्हणून हिशेब असा मांडतात की टॅक्सीपुरतं म्हणजे जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यापुरतं, प्रवासापुरतं, त्यावर थोडी टक्केवारी अनिश्चिततेची, मग ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं, आणि तिथे पोचल्यावरही ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव. त्या राखीवला हात लागणार असं दिसलं की मेडे फ्युएल, म्हणजे इंधनाची आणीबाणी, म्हणावंच लागतं. यावर आणखी किती घ्यायचं हा कॅप्टनचा अधिकार, आणि कॅप्टन कसा आहे ते त्या आकड्यावरून कळतं असं जुने लोक म्हणतात.

मुंबईला येताना जाणता माणूस थोडं जास्त घेतो. इथे धावपट्ट्या दोन आहेत, ०९/२७ आणि १४/३२, पण त्या एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि त्या एकीवरून गर्दीच्या तासाला ४५ च्या आसपास विमानं ये-जा करतात. म्हणजे दर ८० सेकंदांना एक. पुढच्या विमानाने धावपट्टी सोडायला जरा उशीर केला तर मागचं गो-अराउंड करणार, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणार, ते परत रांगेत येणार, आणि सगळी रांग मागे सरकणार. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस ११ ते ५ धावपट्ट्या देखभालीसाठी बंद असतात, त्या दिवसाचं रोस्टर बघण्यासारखं असतं. जुहूची छोटी धावपट्टी तर इतकी जवळ की २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझचा मुख्य विमानतळ समजून चक्क जुहूला उतरलं होतं.

विमान हलल्यावर मात्र सगळं कवायतीसारखं. एक पायलट उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो, रेडिओ सांभाळतो, चेकलिस्ट वाचतो, आणि पुढच्या सेक्टरला बहुतेक वेळा अदलाबदल. म्हणजे कॅप्टनच उडवतो आणि फर्स्ट ऑफिसर मदत करतो हा समज चुकीचा आहे. १०,००० फुटांच्या खाली कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. दोघांनी जेवण वेगवेगळं घ्यायचं ही बहुतेक कंपन्यांची पद्धत, एकाच जेवणाने दोघंही आजारी पडू नयेत म्हणून, आणि चांगली डिश कुणी घ्यायची हा रोजचा छोटा वाद. चार सेक्टरची ड्युटी असेल तर हे सगळं चार वेळा आणि चौथं लँडिंग पहिल्याइतकंच नीट झालं पाहिजे, तेव्हा अंगात जीव नसतो ही वेगळी गोष्ट.

थकवा आणि नियम

भारतात ड्युटी आणि विश्रांतीचे नियम डीजीसीए ही विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था ठरवते, क्रूच्या बोलण्यात त्यांना एफडीटीएल म्हणतात. वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उड्डाण ही मर्यादा ऐकून लोक हसतात, आठवड्याला २० तासच काम? पण हे तास फक्त विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचे. रिपोर्टिंग, ब्रीफिंग, दोन फ्लाइटच्या मधलं थांबणं, गेटवर दीड तास लटकणं, हॉटेलची वाट, यातलं काहीच त्यात येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी फ्लाइंग अलाउन्सही विमान हललं तरच सुरू होतो.

यातला खरा शत्रू रात्र. पहाटे २ ते ६ या वेळात शरीर झोपच मागतं, आदल्या दिवशी कितीही झोपलेलं असलं तरी. २२ मे २०१० ला मंगळुरूला एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ घोरण्याचा आवाज होता, कॅप्टन झोपेतून उठून पूर्ण जागेवर आलेले नसावेत असं चौकशीत निघालं, आणि फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड करू या असं सांगितलं होतं हेही. त्याआधी २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर धडकली, ५८३ मृत्यू, आणि तिथेही केएलएम या डच कंपनीच्या क्रूच्या घाईमागे ड्युटीचे तास संपत आल्याची काळजी हे एक कारण मानलं जातं. रोस्टर म्हणजे काय चीज आहे ते या दोन घटनांवरून कळतं.

टेनेरिफसारख्या अपघातांनंतर सीआरएम नावाचं प्रशिक्षण आलं, थोडक्यात सांगायचं तर ज्युनिअरने बोलायचं आणि सिनिअरने ऐकायचं. आपल्याकडे हे जरा जास्तच घोटवून घ्यावं लागतं. २३ वर्षांचा मुलगा ५५ वर्षांच्या कॅप्टनला सर म्हणतो, घरी वडिलांपुढे आवाज चढवलेला नसतो, आणि इथे त्याने "सर, गो-अराउंड" म्हणायचं आणि ऐकलं नाही तर स्वतः कंट्रोल घ्यायचा. सिम्युलेटरमध्ये हे मुद्दाम करायला लावतात.

जानेवारी २०२४ मध्ये नवे एफडीटीएल नियम आले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्र म्हणजे १२ ते ५ च्या ऐवजी १२ ते ६, आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २. कंपन्यांनी वेळ मागितला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराच्या वर फ्लाइट रद्द. इतरही कारणं होती, पण मुळात नव्या नियमात बसेल एवढा क्रू रोस्टरला नव्हता. डीजीसीएने मग काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली आणि क्रूची रजा साप्ताहिक विश्रांतीत धरायची नाही हा नियमही मागे घेतला. एअरपोर्टवर अडकलेल्या माणसाचा संताप समजतो, पण नियम दीड-दोन वर्षं आधी कागदावर आलेला होता, हे विसरून पायलटांना शिव्या घालणं काही पटलं नाही.

लेओव्हर

लांब पल्ल्याच्या उड्डाणाला, समजा मुंबई ते न्यूयॉर्क, चार पायलट असतात आणि आळीपाळीने विमानातच बंकमध्ये झोपतात. उतरल्यावर हॉटेल. फुकटात जग फिरता असं नातेवाइकांना वाटतं, प्रत्यक्षात २४ तासांतले बरेचसे पडदे ओढून जातात. पडद्याला मधे फट राहते तिथे कपाटातल्या हँगरचा चिमटा लावायचा ही युक्ती क्रूमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलीय. उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे आठवायला दोन सेकंद लागतात, रूम नंबर तर हमखास आधीच्या हॉटेलचा आठवतो. मराठी क्रूच्या बॅगेत मेतकूट आणि भाजके पोहे निघतात, केटलमधल्या पाण्यावर काय काय शिजू शकतं हा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

केबिन क्रूचं रोस्टर याहून कडक. कायद्याने ५० सीटमागे एक माणूस, म्हणजे १८० सीटच्या विमानात चार जण लागतात, एक आजारी पडला की स्टँडबायला फोन. त्यांचं मुख्य काम चहा-सँडविच नव्हे, ९० सेकंदांत विमान रिकामं करणं, आणि टेकऑफला जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, हात मांडीखाली घेऊन गप्प बसलेली मुलगी मनातल्या मनात तीच उजळणी करत असते.

हल्ली ८ मार्चला रोस्टरवाले मुद्दाम सगळ्या महिलांचा क्रू लावतात आणि फोटो येतात. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिल्चर असं फॉकर फ्रेंडशिप नेलं, तो देशातला पहिला संपूर्ण महिला क्रू. आज भारतात महिला पायलटांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, जगात ते ५ च्या जवळपास आहे.

रोस्टर पब्लिश होतं तो दिवस सगळ्यांना माहीत असतो. ॲप उघडलं की आधी कुणी फ्लाइट बघत नाही, गणपती कधी ते बघतात आणि त्या तारखेसमोर ऑफ आहे का ते. नसेल तर स्वॅप, म्हणजे अदलाबदल. तुझा चतुर्थीचा ऑफ मला दे, मी तुझी ख्रिसमसची ड्युटी करतो, असे व्यवहार अर्ध्या तासात ग्रुपवर सुरू होतात, दोघांची विश्रांती नियमात बसली तर सिस्टिम मान्य करते आणि नाही बसली तर दीड दिवसाच्या गणपतीची आरती पुण्याच्या नाहीतर गोव्याच्या हॉटेलमधून व्हिडिओ कॉलवर होते, आवाज बंद ठेवून, कारण शेजारच्या रूममधला क्रू रात्रभर उडून आत्ताच झोपलेला असतो.