गाडीवर उडालेला घराचा रंग काढणे

घराला, फाटकाला किंवा खिडकीच्या जाळीला रंग देताना त्याचे बारीक थेंब जवळ उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन बसतात. गाडीच्या मूळ रंगाला धक्का न लावता ते उतरवण्याची ही रीत. शिंतोडे काढणे अवघड नाही. गाडीचे खरे नुकसान बहुतेक वेळा ते काढण्याच्या घाईत होते.

इंदूरमध्ये ही तक्रार मुख्यतः पाऊस ओसरल्यावर, दसरा ते दिवाळी या दिवसांत ऐकू येते; दुसरा हंगाम उन्हाळ्यातल्या लग्नसराईचा. रामबाग, लोकमान्य नगर यांसारख्या जुन्या मराठी वस्त्यांत घराला घर लागून आहे आणि गाड्या रस्त्यावरच उभ्या असतात, त्यामुळे एकाच्या पुताईचा प्रसाद शेजाऱ्याच्या गाडीला मिळतो. त्यात एकाच घराला तीन प्रकारचे रंग लागतात. दर्शनी भिंतीला रोलरने इमल्शन (पाण्यात मिसळायचा ॲक्रिलिक रंग), लोखंडी जाळी आणि फाटकाला कॉम्प्रेसरच्या गनने एनॅमल (टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा तेलरंग), आणि मागच्या भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला चुना नाहीतर सिमेंट पेंट. म्हणून गाडी पुसण्याआधी रंगाऱ्याला ‘डबा कुठला होता?’ एवढे विचारले, तर निम्मे काम होते.

गनमधून निघालेल्या फवाऱ्यातले सगळे थेंब सारखे नसतात. लांब गेलेले बारीक थेंब हवेतच सुकतात आणि गाडीवर धुळीसारखे पडतात. ते धुण्याने बरेचसे निघून जातात. जवळचे थेंब ओले पडतात आणि चिकटून बसतात. मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर इमल्शनचा ओला थेंब काही मिनिटांत सुकतो. एकदा त्यातले पाणी उडाले आणि ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून त्यांचा पापुद्रा झाला, की तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. एनॅमलचे वागणे वेगळे: आधी त्यातले टर्पेंटाइन उडते, मग हवेतला ऑक्सिजन घेत तो कित्येक दिवस कडक होत राहतो. म्हणजे एनॅमलच्या बाबतीत पहिल्या एक-दोन दिवसांत हात घालणाऱ्याचे काम सोपे होते.

गाडीच्या बाजूने पाहिले, तर पत्र्यावरचे प्रायमरपासूनचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, बहुधा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. चकाकी त्याची असते आणि ऊन अडवण्याचे कामही तोच करतो. त्यामुळे कुठलाही उपाय करताना यातला किती थर खर्ची पडतो, हे पाहावे लागते.

सुरुवात सावलीत, थंड पत्र्यावर, भरपूर पाणी आणि कार शाम्पूने होते. धुतल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे बॉनेटवरून, छतावरून हलकेच फिरवावीत. उघड्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून लगेच जाणवते. पांढऱ्या गाडीवर पांढरे इमल्शन उडाले असेल, तर ही परीक्षा डोळ्यांपेक्षा भरवशाची.

पुढचा उपाय रंगावर ठरतो. सुकलेल्या इमल्शनला आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ करते: कापडाचा ओला बोळा मिनिटभर डागावर ठेवायचा, मग रगडण्याऐवजी नुसता उचलून घ्यायचा. ताज्या एनॅमलला मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल चालते, फक्त नंतर तेलकटपणा शाम्पूने काढावा लागतो. चुन्याची गोष्ट न्यारी. ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, म्हणून तो पाण्याच्या धारेने लगेच घालवावा. सुकल्यावर त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये विरघळते. सुका चुना कोरड्या फडक्याने पुसला, की ओरखड्यांची नक्षी उठते. सिमेंट पेंट याच जातीचा, पण अधिक हट्टी.

एवढ्याने न गेलेल्या कणांसाठी क्ले बार. जपानी तदाओ कोदाते यांच्या नावाचे १९९५ चे अमेरिकी पेटंट असलेली ही चिकणमातीसारखी मऊ वडी पृष्ठभागाच्या वर डोकावणारा कण कापून आपल्यात ओढून घेते. त्यासाठी तिच्याखाली शाम्पूच्या पाण्याचा निसरडा थर सतत हवा. पाणी कमी पडले की वडी अडखळते आणि रंगावर पुसट माग उमटतो. दोन हातांएवढा भाग झाला की ती घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर आणावी. खाली पडली, तर धुऊन वापरण्याचा मोह टाळून फेकून द्यावी, कारण तिला लागलेली वाळू गाडीवर ओरखडे काढते. क्लेने आधीचे वॅक्सही निघून जाते, म्हणून शेवटी नवे लावावे लागते. रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी बारीक कणांची पेस्ट, त्यानंतरचे. ते क्लिअर कोटच झिजवते आणि रोजच्या धुण्यासारखे वापरण्याची वस्तू नव्हे. गाडी मॅट रंगाची असेल, तर कंपाउंड किंवा पॉलिशला हातच लावू नये, तिथे चकचकीत चट्टा पडतो आणि तो जात नाही.

रंगारी ‘साहेब, आत्ता साफ करतो’ म्हणून थिनरचे फडके पुढे करतो, तेव्हा त्याला अडवावे. कारखान्यातून आलेला पक्का रंग थिनरचा एखादा ओझरता हात सोसेलही. पण अपघातानंतर गॅरेजमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने, म्हणजे सुकल्यावरही थिनरमध्ये विरघळणाऱ्या रंगाने, रंगवलेला दरवाजा त्याच फडक्यावर उतरून येतो. पॉलिकार्बोनेटच्या हेडलाइटवर थिनरने जाळीदार तडे जातात, ते कुठल्याही पॉलिशने भरत नाहीत. ब्लेड फक्त काचेवर, आणि तेही साबणाच्या पाण्यात, तिरपे धरून.

पैसे कोणी द्यायचे हा वाद काम ठरवतानाच मिटवावा. विम्याचा दावा केला, तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. दावा न केलेल्या पाच वर्षांनंतर तो ५० टक्के असतो, त्यामुळे चार डागांसाठी तो घालवणे क्वचितच परवडते.

सर्वांत चिवट जागा म्हणजे बंपरचे आणि आरशांचे न रंगवलेले, खडबडीत काळे प्लास्टिक. क्ले त्याच्या खळग्यांत पोचत नाही. तिथे अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन बसावे लागते, आणि महिनाभर जुना एनॅमल असेल, तर बहुतेक वेळा तो भाग बदलून घेणेच स्वस्त पडते.