पार्श्वभूमी : स्टॅनफर्डचा तुरुंग आणि पढवलेले पहारेकरी

ऑगस्ट १९७१मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात एक प्रयोग झाला: विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवून लुटुपुटीचा तुरुंग चालवला गेला. तिथे काय घडलं, ते मानसशास्त्राच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात सापडतं. २०१५च्या अमेरिकी चित्रपटाने ते बारकाव्यांनिशी उभं केलं आहे: कैद्यांच्या डोक्यावर नायलॉनच्या मोज्याची टोपी, घोट्याला साखळी, नावाऐवजी नंबर. त्याआधीच्या, २००१च्या जर्मन चित्रपटात मुडदेही पडतात. प्रत्यक्षात कोणी मेलं नव्हतं आणि प्रयोग करणारे प्राध्यापक फिलिप झिम्बार्डो त्या चित्रपटावर चिडले होते. २०१५च्या चित्रपटाचे सल्लागार मात्र ते स्वतःच होते. गोम इथेच आहे.

प्राध्यापकांचं म्हणणं असं, की चांगल्या घरच्या मुलांना गणवेश आणि सत्ता द्या, क्रौर्य आपोआप येतं. प्रयोग सहाव्या दिवशी गुंडाळला आणि दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात रक्तपात झाला. सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात कैद्यांचं बंड झालं. वातावरण तापलेलंच होतं. सविस्तर शोधनिबंध यायच्या आत हा निष्कर्ष अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे पोचला. २००४मध्ये इराकमधल्या अबू घरैब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाच्या खटल्यात एका अमेरिकी सार्जंटच्या बचावासाठी प्राध्यापकांनी हाच मुद्दा मांडला. त्याला ८ वर्षांची शिक्षा झालीच.

खरा वाद त्या ‘आपोआप’वर आहे. २०१८मध्ये विद्यापीठाच्या दप्तरातली एक ध्वनिफीत चर्चेत आली. तीत तुरुंगाधिकारी झालेला विद्यार्थी एका मवाळ पहारेकऱ्याला समजावतोय: तू मागे मागे राहतोस, प्रत्येक पहारेकरी कडक हवा, हे लोकांपुढे गेलं तर तुरुंगसुधारणेला उपयोग होईल. म्हणजे कडकपणा उगवला नव्हता, मागितला होता, आणि तोही सत्कार्याच्या नावाने! हाच विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी वसतिगृहात असाच लुटुपुटीचा तुरुंग चालवून आला होता. बरेचसे नियम तिथूनच आले. प्राध्यापकांचा खुलासा असा, की खऱ्या तुरुंगातही पहारेकऱ्यांना कडक राहा असंच सांगतात, आणि अमुक छळ करा असं आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. खुलासा अगदीच पोकळ नाही. रात्रीच्या उठाबशा आणि हजेरीचे खेळ पहारेकऱ्यांनीच काढले होते. पण पढवलेल्या मुलांवरून मानवी स्वभावाचा सिद्धांत काढायचा कसा?

सगळ्यात छळवादी ठरलेल्या पहारेकऱ्याने तर पुढे सांगून टाकलं, की १९६७च्या एका तुरुंगपटातल्या अधिकाऱ्याचा दाक्षिणात्य हेल त्याने उचलला होता आणि तो ठरवून भूमिका करत होता. २०१५चा नट त्या नकलेचीच नक्कल करतो, आणि करतो झकास. चित्रपटाला सनडान्स महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालं. ध्वनिफितीचा गाजावाजा त्यानंतर ३ वर्षांनी झाला. प्रयोगाचं पितळ उघडं पाडणारा शोधनिबंध आला २०१९मध्ये. क्रमिक पुस्तकं आता हळूहळू तळटीपा जोडू लागली आहेत. चित्रपट मात्र आहे तसाच वर्गावर्गांत दाखवला जातो.