गोदामातला कोणता माल आधी मोजायचा?

मार्चअखेर आम्ही दुकानदारांकडे स्टॉक मोजायला गेलो की एक गोष्ट हमखास दिसते. नट-बोल्टच्या डब्यांवर नीट चिठ्ठ्या, आणि तांब्याच्या वायरची रिळं मात्र जिन्याखाली, नोंदीविना.

सगळ्या मालावर सारखी नजर ठेवणं कुणालाच जमत नाही. म्हणून आम्ही मालाचे अ, ब, क असे गट पाडतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली मांडलेली ही पद्धत अगदी छोट्या दुकानालाही लागू पडते.

गट ठरवायला प्रत्येक मालाची वर्षाची रक्कम काढा: वर्षभरात किती माल खपला, गुणिले खरेदीचा दर. नुसती एका नगाची किंमत बघितली की फसगत होते. समजा, तुमचं सबमर्सिबल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. वाइंडिंग वायर (मोटरमध्ये गुंडाळायची तांब्याची तार) वर्षाला ३०० किलो, दर १,००० रुपये. झाले ३ लाख. बेअरिंग १५० नग, ४०० रुपयांचा, ६० हजार. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं १२,०००चं कंट्रोल पॅनल वर्षात एकच गेलं, म्हणजे १२ हजारच! आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि बेरीज करत खाली या. एकूण रकमेच्या साधारण ७०-८० टक्के होईपर्यंतचा माल अ, पुढचे १५-२० टक्के ब, उरलेला क. अ गटात बहुधा मोजकेच आयटम निघतात. ते दर महिन्याला मोजा, ब तीन महिन्यांनी, क वर्षातून एकदा.

आता ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी घ्या. २,००० नग, ५ रुपयांची. १० हजार, म्हणजे क. पण ती नसेल तर एप्रिलमध्ये शेतकऱ्याचा पंप टेबलावर आणि ऊस उन्हात. अशा मालावर लाल खूण करा आणि तो थोडा जास्तच ठेवा. फार वर्षांचा नको, रबर कडक होतं.

दुरुस्तीच्या दुकानांची एक अडचण असते. बिलावर नुसतं ‘वाइंडिंग’ लिहिलेलं असतं, वायर किती किलो लागली ते नाही. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा आजचा साठा, हाच खप धरतो. त्यासाठी आम्ही येण्याआधी १२ महिन्यांची खरेदीची बिलं आणि मागच्या मार्चची स्टॉकची यादी काढून ठेवा. जिन्याखालची रिळंही वजनकाट्याजवळ आणून ठेवलीत तर अर्धा दिवस वाचेल.